एक दसरा, चाळीस मिनिटं अन् आमच्या स्कीमचा ग्रुप

आमची स्कीम, म्हणजे फ्लॅटची सोसायटी, नागपूरच्या बेसा रोडला आहे, दोन विंग, चौसष्ट फ्लॅट. चार वर्षं झाली मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनही मीच. २०२४ च्या दसऱ्याला आमच्या ग्रुपवर जे झालं ते सगळं इथं लिहून ठेवतेय, माझ्या हातून चुकलं ते धरून. त्यानंतर दुसऱ्या दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे फोन आले, ताई तुमच्याकडे निस्तरलं कसं, आमच्याकडे पेटलंय. फोनवर अर्धंच सांगून होतं. कोणाचं नाव घेत नाही, फ्लॅट नंबर देत नाही, त्यांच्या घरचं आहे ते.

आधी कोण कोण राहतं ते सांगते. निम्म्याच्या वर हिंदू घरं, त्यात शेगावला पायी जाणारे आहेत अन् वर्षातून एकदा गणपतीपुरता हात जोडणारेही आहेत. पंधरा-सोळा बौद्ध घरं. पाच मुसलमान, दोन ख्रिश्चन, एक जैन कुटुंब. गडचिरोलीकडचा एक गोंड मुलगा, नोकरीसाठी आलेला, भाड्यानं राहतो. अन् देवच मानत नाही असं उघड सांगणारे दोघं-तिघं. नागपुरात कुठलीही स्कीम पहा, थोड्याफार फरकानं हेच निघेल. शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, वाढवलं भोसल्यांनी, अन् ताजबागला ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात कोण कोणत्या धर्माचा हे आजही कोणी विचारत नाही. म्हणून आम्हाला वाटायचं की आपल्याकडे हा प्रश्नच नाही.

आता दसरा. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. नागपुरात दसरा एकच दिवस असतो पण तो एकच सण नसतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्नी माईसाहेबांसोबत भदन्त चंद्रमणींकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, हिंदू देव मानणार नाही हेही त्यात आहे. म्हणून दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, किती तरी जण आदल्या दिवसापासून उघड्यावर झोपून असतात. संघाची स्थापना पण नागपूरचीच, १९२५ च्या विजयादशमीची, त्यामुळे सकाळी रेशीमबागेत त्यांचा उत्सव. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर रावण जळतो. अन् घरोघरी आपट्याची पानं, सोनं घ्या सोन्यासारखं राहा. इतकी वर्षं हे सगळं एका दिवसात मावत आलं त्याचं एक कारण मला असं वाटतं की प्रत्येकाचं मैदान वेगळं आहे, कोणी कोणाच्या मैदानात जाऊन बोलत नाही. ग्रुपवर मैदान एकच.

त्या सकाळी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. पहाटे सहाच्या आधीच पहिला मेसेज आला, आपट्याच्या पानाचा फोटो अन् विजयादशमीच्या शुभेच्छा. थोड्या वेळानं बी विंगच्या ताईंचा, अडुसष्टाव्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगलकामना, जय भीम. दोन्हीला लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. दरवर्षी हे इथंच संपायचं.

नऊच्या सुमारास एकानं रावणदहनाचा व्हिडिओ फॉरवर्ड केला, खाली लिहिलेलं, अधर्माचा नाश होणारच. त्यावर त्या गोंड मुलानं लिहिलं की आमच्या समाजात रावणाची पूजा होते, तुम्ही तुमचा सण करा पण ह्यावर हसू नका. साधं लिहिलं होतं, मी परत परत वाचलंय ते. ही काही त्याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही, विदर्भात गोंड समाजात बऱ्याच ठिकाणी रावणाला मान आहे, अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात तर रावणाची मूर्तीच आहे अन् गाव तिची पूजा करतं. पण ग्रुपवर त्याला उत्तर काय मिळालं तर हसण्याचे इमोजी. अकरा जणांनी टाकले. मी नंतर मोजले.

मग बी विंगमधल्या एका तरुण मुलानं बावीस प्रतिज्ञांचा फोटो टाकला अन् लिहिलं, अधर्म कोणाला म्हणता ते जपून म्हणा. त्यावर ए विंगच्या एक काकू चिडल्या, आजच्या दिवशी आमच्या देवांबद्दल हे वाचायचं का आम्ही. अजून चार-पाच जण उतरले. इथपर्यंत गरम होतं पण हाताबाहेर नव्हतं.

आता जे झालं त्यासाठीच मी हे सगळं लिहितेय. आमच्या स्कीममधले सगळ्यात वडीलधारे काका, पंचाहत्तरीचे, कोणाशी वाकडं बोलणार नाहीत, लिफ्टमध्ये लहान पोराला पण आधी जाऊ देणारे, त्यांना वाटलं आपण मधे पडावं. त्यांनी लिहिलं की मुलांनो भांडू नका, भगवान बुद्ध हे तर विष्णूचेच नववे अवतार, म्हणजे आपण सगळे एकच, मग वाद कसला. शेवटी जोडलेले हात.

त्या मेसेजनंतरच्या चाळीस मिनिटांत एकशे बारा मेसेज आले.

ज्यांना बावीस प्रतिज्ञा माहीत नाहीत त्यांना कळणार नाही की एवढ्या गोड मेसेजवर एवढा भडका का. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, हा खोटा प्रचार आहे, अशा अर्थाची स्पष्ट प्रतिज्ञाच आहे त्या बाविसात, पाचवी. म्हणजे जी गोष्ट नाकारून ही माणसं बाहेर पडली, ज्या नकारावर त्यांच्या आजोबा-पणजोबांनी आयुष्य नव्यानं उभं केलं, तीच गोष्ट त्यांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सकाळी, भांडण मिटवायची म्हणून, प्रेमानं ऐकवली गेली. रावणाच्या व्हिडिओपेक्षा, इमोजीपेक्षा, हे जास्त लागलं. ताईंनी लिहिलं, काका हे तुम्ही बोलायला नको होतं. मग पूरच आला.

मी काय केलं

मी स्वयंपाकघरात होते, पुरणाला चटका देत होते. फोन थरथरतोय थरथरतोय, पाहिलं तर हे. घाबरले. पहिलं काम केलं की ग्रुप फक्त ॲडमिनपुरता केला. ते ठीक होतं, आजही तेच करीन. पण मग मी बसून मेसेज डिलीट करायला लागले. शिव्या काढल्या, व्हिडिओ काढला, बावीस प्रतिज्ञांचा फोटो काढला कारण काकूंनी त्याच्यावरच तक्रार केली होती. काकांचा मेसेज ठेवला. त्यात शिवी नव्हती, जोडलेले हात होते, मला तो शांततेचा मेसेज दिसला.

व्हॉट्सॲपवर ॲडमिननं काढलेल्या मेसेजच्या जागी ॲडमिननं डिलीट केला असं दिसतं. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं की सेक्रेटरी मॅडमनी प्रतिज्ञा पुसल्या अन् अवतार ठेवला. दुपारपर्यंत सात जण ग्रुप सोडून गेले, त्यात ताई होत्या. उन्हाळ्यात टँकरची पाळी कोणत्या विंगची कधी ही सगळी वही ताईच सांभाळायच्या.

माझ्या मनात काही नव्हतं हे मी तेव्हा दहा जणांना सांगितलं. ते खरंही होतं. पण ज्यांचं पुसलं गेलं त्यांना मनातलं दिसत नाही, पुसलेलं दिसतं. मी ज्या घरात वाढले तिथं अवतार हा शब्द देव्हाऱ्यासारखाच नेहमीचा, म्हणून तो मेसेज मला टोचलाच नाही, अन् प्रतिज्ञांचा फोटो टोचला. आपल्याला काय टोचतं त्यावरून काय काढायचं ते ठरवलं, हाच पक्षपात झाला माझा.

कोजागिरी

चार दिवसांनी कोजागिरी होती. दरवर्षी टेरेसवर मोठ्या गंजात दूध आटतं, सगळी स्कीम येते, पोरं रात्री बारापर्यंत धिंगाणा करतात. त्या वर्षी पण वीस लिटर दूध सांगून ठेवलेलं होतं. चटया अंथरल्या, लायटिंग लावली. साडेदहापर्यंत बी विंगच्या बाजूची एक अख्खी रांग रिकामी. माझ्या मुलीची मैत्रीण खालीच राहिली, तिच्या आईनं पाठवलं नाही, तर ही पण तोंड पाडून जिन्यात जाऊन बसली. दुधावर साय धरत होती, मी पळीनं हलवत होते अन् कोणी गंजाजवळ येईना. निम्मं दूध उरलं. रात्री एक वाजता वॉचमनला अन् शेजारच्या साईटवरच्या मजुरांना वाटलं.

त्याच आठवड्यात मोटर जळाली. पाणी दोन तास येणार अन् भरून ठेवा ही सूचना मी ग्रुपवर टाकली, जे सात जण बाहेर होते त्यांना कळलीच नाही. त्यांच्यातल्या एका घरच्या आजी बोअरवेलवरून तिसऱ्या मजल्यावर बादली नेताना मला जिन्यात दिसल्या, प्रत्येक पायरीवर बादली टेकवत. मी बादली घ्यायला गेले तर म्हणाल्या, राहू द्या मॅडम, होते माझ्याच्यानं. मॅडम कधी म्हणायच्या नाहीत त्या मला. पोरी म्हणायच्या.

घरोघरी

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंकडे गेले. फोन न करता गेले, फोन केला असता तर नको म्हणाल्या असत्या. आधी माफी मागितली, स्पष्टीकरण दिलं नाही. चहा झाला. त्यांच्या बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी फ्रेममध्ये बावीस प्रतिज्ञा आहेत, मी त्या घरी कित्येकदा गेले होते पण उभं राहून वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी वाचल्या.

ताई म्हणाल्या, "माझे आजोबा छप्पनला तिथं होते, गावाहून चालत आले होते. हे पहा, ह्याच्यात कुठं तुम्हाला काही म्हटलं आहे का? मी मानणार नाही, मी करणार नाही. सगळं मी. मी माझ्यापुरतं बोलून राहिली. तुम्ही गणपती बसवता तर मी कधी नाक मुरडलं का? पण मी कोण आहे हे दुसऱ्यानं मला सांगावं, ते पण माझ्याच घरात येऊन, ते मला नाही चालत."

मग काकांकडे. ते खचलेले होते. रात्री झोपले नाहीत म्हणून त्यांच्या मिसेसनी सांगितलं. काका म्हणाले, "अगं मी बुद्धाला देव म्हटलं, शिवी थोडीच दिली? आमच्या घरात लहानपणापासून दशावतारात बुद्ध आहेत. मला वाटलं मी मान देऊन राहिलो." मी त्यांना पाचव्या प्रतिज्ञेबद्दल सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षं नागपुरात राहतात, आधीचं घर तर दीक्षाभूमीपासून चालत जाण्यासारखं, अन् माहीत नव्हतं. त्यांना बोल लावत नाही, मलाही अर्धवटच माहीत होतं. आपल्याला एकमेकांचे मोठे दिवस माहीत असतात ते कोणता रस्ता बंद, कुठून वळसा घ्यायचा एवढ्यापुरते.

अन् काकांचं ऐकताना हेही कळलं की त्यांचा अवतारावरचा विश्वास हा काही डाव नव्हता, ती त्यांची श्रद्धा होती, अन् ती त्यांनी सोडावी असं मी सांगणारी कोण. सगळे एकच हे वाक्य आपण सगळीकडे भांडणावर पाणी म्हणून ओततो. पण ते स्वतःच एक मत आहे. काही धर्मांमधे ते बसतं, काहींमधे बसत नाही, अन् ज्याच्यात बसत नाही त्याला ते ऐकवणं म्हणजे तुझं वेगळेपण मी मोजत नाही असं सांगणं. आपण एक नाही पण एका जिन्यानं चढतो, इतकं जरी धरलं तरी स्कीम चालते.

गोंड मुलगा घरी एकटाच होता. तो म्हणाला, ताई मी कोणाचा दसरा थांबवून नाही राहिलो, हसू नका म्हटलं फक्त. इमोजी टाकणाऱ्या अकरा जणांपैकी चार जण त्याच्याच मजल्यावर राहतात. त्या चौघांशी मी बोलले, दोघं जाऊन भेटून आले त्याला, दोघं नाही गेले.

सगळ्यात जास्त मला हलवलं ते ए विंगमधल्या सरांनी. रिटायर्ड शिक्षक, मुसलमान. त्यांचं ह्या भांडणात नावच नव्हतं, तरी मी गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या ग्रुपवर ईदचा मेसेज मी शेवटचा कधी टाकला होता, शोधून पहा." मी घरी येऊन शोधलं. तीन वर्षांत एकही नाही. सण जवळ आला की ते ग्रुप म्यूट करून ठेवायचे. आम्ही त्याला शांतता समजत होतो.

कायद्याचं थोडं

तेवढ्यात एका बाजूनं पोलिसात जाण्याची भाषा सुरू झाली होती, दोनशे पंचाण्णव लावतो वगैरे. स्कीममधल्या वकीलताईंकडे बसले. त्यांनी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आलीय, जुनं २९५ अ आता कलम २९९ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यात मुद्दाम अन् दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावणं असावं लागतं. आपली श्रद्धा सांगणं किंवा आपण काय मानत नाही ते सांगणं हे घटनेच्या पंचविसाव्या कलमातच बसतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता अन् आरोग्य सांभाळून. ॲडमिनचं विचारलं तर म्हणाल्या की २०२१ मधे आपल्याच नागपूर खंडपीठानं निकाल दिलाय, मेंबरनं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला नुसता ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, दोघांचा सामायिक इरादा किंवा आधी ठरवलेला बेत होता हे दाखवावं लागतं.

ऐकून बरं वाटलं, पण मी जे पुसलं होतं ते दुसऱ्या कोणी नाही, मीच पुसलं होतं. तक्रार कोणी केली नाही शेवटी, वकीलताई दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन आल्या म्हणून.

पार्किंगमधली मिटिंग

दिवाळी झाल्यावर एका रविवारी पार्किंगमधे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. एकतीस जण आले. मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं की मी काय पुसलं, काय ठेवलं अन् ते का चुकलं. ताई आल्या होत्या, मागच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून.

पहिला प्रस्ताव आला की ग्रुपवर धर्माचं काहीच नको, शुभेच्छा पण बंद. बऱ्याच जणांना पटला, सोपा होता. मला पटत नव्हता पण मी गप्प बसले. गंमत अशी की विरोध केला तो काकांनी अन् ताईंनी. काका म्हणाले, सणाला शेजाऱ्याला राम राम पण करायचा नाही तर मग हे घर कसलं. ताई म्हणाल्या, बंदी आणाल तर ज्यांचे सण रस्त्यावर दिसतात त्यांचे दिसतच राहतील, अन् आमचे तेवढे गायब होतील. सरांनी मान हलवली. हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. हात वर करून मत घेतलं, प्रस्ताव पडला, एकोणीस विरुद्ध बारा.

मग तीन तास लागले. भांडण झालं, एक जण खुर्ची सरकवून निघून गेला, परत आला. शेवटी जे ठरलं ते सांगते. प्रत्येकानं आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं, आपल्या शब्दात, मी म्हणून. दुसऱ्याचा धर्म मुळात काय आहे, कशाचा भाग आहे, हे त्याला सांगायचं नाही. हे सरळ ताईंच्या त्या फ्रेमवरून आलं. धर्माचे फॉरवर्ड पूर्ण बंद, चांगले असले तरी, कारण फॉरवर्ड कोणाचंच म्हणणं नसतं अन् जबाबदारी पण कोणी घेत नाही. कोणाच्या सणावर, उपासावर, न मानण्यावर हसायचं नाही, इमोजीनं पण नाही. पाणी, लिफ्ट, मोटर ह्याच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप, त्यात गप्पा नाहीत अन् त्यातून कोणी बाहेर पडायचं नाही, आजींची बादली परत नको. मेसेज काढायचा तर मी एकटीनं काढायचा नाही, तिघांनी मिळून, अन् ते तिघं एका विचाराचे नसले पाहिजेत. ज्याचा काढला त्याला आधी फोन.

देव न मानणाऱ्यांपैकी एक मुलगा म्हणाला की ह्या सगळ्यात आमचं काय. वकीलताईंनी त्याला घटनेतल्या शपथेचं सांगितलं. मंत्र्याला, खासदाराला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं, दोन्ही एकाच कागदावर, दोन्हीची किंमत सारखी, दोन्ही मिसळून तिसरं काही केलेलं नाही. मला ते फार आवडलं. बावीस प्रतिज्ञांच्या फोटोचं मात्र एकमत झालं नाही. काकूंचं म्हणणं ते आमच्या देवांविरुद्ध आहे, ताईंचं म्हणणं ते माझं दीक्षेचं वचन आहे. ठरलं एवढंच की दीक्षेच्या दिवशी कोणी श्रद्धेनं टाकलं तर ते राहील, कोणाला उत्तर म्हणून फेकलं तर फेकणाऱ्याला फोन जाईल. काकूंना आजही हे मान्य नाही अन् त्या तसं स्पष्ट बोलतात.

१७ मार्च

हे सगळं कागदावर ठीक होतं. परीक्षा झाली १७ मार्च २०२५ ला. सोमवार होता, रमजान सुरू होता. संध्याकाळी महाल भागात दगडफेक, जाळपोळ झाली, रात्री हंसापुरीत पण, अन् मग शहराच्या बऱ्याच भागात संचारबंदी लागली. प्रत्येकाच्या फोनमधे व्हिडिओ येत होते, कुठले, कधीचे, काही पत्ता नाही. गप्पांच्या ग्रुपवर पहिला व्हिडिओ आला. आम्ही तिघांनी दोन मिनिटात काढला, त्या मुलाला मी फोन केला, तो म्हणाला सॉरी ताई, हात गेला. दुसरा आलाच नाही.

मग सूचनांच्या ग्रुपवर एका ओळीचा मेसेज टाकला की आपल्या स्कीममधलं कोण कोण बाहेर आहे, नाव अन् जागा टाका. नऊ नावं आली. दहावं सरांनी टाकलं. मुलगी क्लासला गेली आहे, गांधीबागकडे, फोन लागत नाही. ग्रुप सुरू झाल्यापासून सरांनी स्वतःहून टाकलेला तो पहिला मेसेज होता. इफ्तारची वेळ होऊन गेली होती, सर खाली गेटवर उभे, हातात पाण्याची बाटली तशीच. पोरगी ऑटोनं मेडिकल चौकापर्यंत आली होती, तिथं आमच्या बी विंगमधला एक जण कामावरून परत येत होता, त्यानं तिला ओळखलं अन् गाडीवर बसवून आणलं. साडेनऊला दोघं गेटमधून आत आले. सरांनी बाटली उघडली, दोन घोट घेतले अन् तिथेच कठड्यावर बसले. काका त्यांच्या शेजारी बसून होते, काही बोलत नव्हते.

पंधरा दिवसांनी ईदला सरांचा मेसेज आला ग्रुपवर. साधा होता, ईद मुबारक अन् शिरखुर्मा तयार आहे.

आता

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला, गांधी जयंतीच्या दिवशी. सकाळी आपट्याची पानं आली, मंगलकामना आल्या. ताईंच्या मेसेजखाली काकांनी लिहिलं, आपणांस धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगलकामना. एवढंच. त्यांना तेवढं लिहायला किती वेळ लागला असेल ह्याचा मी विचार करत बसले होते. संध्याकाळी पोरं सोनं वाटत ताईंच्या दारात गेली, ताई पान घेत नाहीत, पण पोरांसाठी डब्यात संत्रा बर्फी काढून ठेवलेली होती. गोंड मुलगा गावी गेला होता. टँकरची वही ताईंकडे परत आली आहे. सात जणांपैकी पाच परत आले, दोन घरं गप्पांच्या ग्रुपवर आजही नाहीत, अन् मी आग्रह करत नाही.

सध्या नवीन विषय आला आहे. गेटजवळच्या कॉमन जागेत छोटं मंदिर बांधावं म्हणून अर्ज आलाय, अठरा सह्या आहेत, त्यात काकांची पण आहे. त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितलं, ग्रुपवर पाहून कळायला नको म्हणून. मिटिंग रविवारी ठेवली आहे. ताईंना, सरांना अन् अजून सात-आठ घरांना हे अजून माहीत नाही. आज ऑफिसमधून आले की आधी त्यांच्याकडे जाणार आहे, नोटीस मग लावीन.